न झालेल्या मालिशीचं रजिस्टर

माणसात काही खोट दिसली की इंदुताई थेट त्याच्या लहानपणात शिरायच्या. आमच्या संस्थेचे अध्यक्ष मान तिरकी करून बोलतात. इंदुताईंनी त्यांना एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, "बारीक होते तवा कोनं मान नाही धरली त्याईची." भाषण द्यायला आलेल्या एका पुढाऱ्याबद्दल म्हणाल्या, "टाळूले तेल नाही भेटलं याच्या. म्हनून असा कोरडा बोलते." आणि मला, त्या नोकरीवर आल्याच्या चौथ्या दिवशी, टेबलासमोर उभं राहून वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "बाबू, तुमच्या पाठीले हातच लागला नाही कोनाचा. कना भरला नाही." मी हसलो. पण घरी जाऊन आईला विचारलं, मला मालिश कोण करायचं म्हणून. आई म्हणाली, "होती कोणीतरी बाई. चार दिवस यायची, चार दिवस नाही."

मी यज्ञेश्वर. यवतमाळच्या एका शिशुगृहात कारकून आहे. संस्थेचं नाव सांगत नाही. अशा संस्थांच्या नावात माया, ममता असलं काहीतरी कोंबलेलं असतंच, ते तुम्ही धरून चाला. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. आजोबा कारकून, वडील कारकून, मी कारकून. वळणदार अक्षर ही आमची इस्टेट आणि वरिष्ठांपुढे मान डोलावणं हा आमचा कुळाचार. दोन्ही मी नेटानं सांभाळलं.

इंदुताई आमच्यातल्या नव्हत्या. कळंबजवळच्या खेड्यात त्यांची आठ एकर शेती, कपाशी आणि तूर. ती नवरा सदाशिवराव आणि मुलगा गोपाल बघायचे. धाकटी वैष्णवी कॉलेजसाठी यवतमाळला आली, तिच्यासोबत खोली करून इंदुताईही आल्या. पोरगी सकाळी निघून गेली की यांना काम नाही, आणि काम नसलं की यांची हाडं दुखायची. शिशुगृहाला मालिश करणारी बाई हवी आहे हे त्यांनी किराणा दुकानात ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन उभ्या राहिल्या.

मुलाखत घ्यायला आमच्या सचिव मंजुषाताई होत्या. "अनुभव काय?" त्यांनी विचारलं.

"चतुर्थीले चिंतामनीच्या देवळात उभ्या राहा," इंदुताई म्हणाल्या. "रांगेतले अर्धे पोट्टे माह्या पायावर न्हालेले हायेत."

"प्रमाणपत्र वगैरे?"

"पोट्टेच चालून राह्यले नं बाई. अजून कायचं प्रमानपत्र पाह्यजे?"

मंजुषाताईंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि त्यांना ठेवून घेतलं. यात त्यांचा मनाचा मोठेपणा होता असं मला तेव्हा वाटलं. खरं कारण आठवड्याभरात कळलं. मंजुषाताईंची मुलगी भैरवी पुण्याहून बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दसऱ्याच्या सुमारास तिला मुलगा झाला. स्वानंद नाव ठेवलं.

"इंदुताई, सध्या आठ दिवस सकाळी आमच्या बंगल्यावर याल का? आठ ते नऊ. मग इकडे या," मंजुषाताई म्हणाल्या. ते आठ दिवस सहा महिने चालले.

आणि यावर आणखी एक कडी होती. स्वानंदला इंदुताईंचे हात लागणार, म्हणून ते हात आणखी कुठे लागता कामा नयेत असा नियम निघाला. "तिकडची मुलं कुठून कुठून आलेली असतात हो," मंजुषाताई मला म्हणाल्या. "बाळाला काही लागलं म्हणजे?" तेव्हा शिशुगृहासाठी नेमलेल्या, शिशुगृहाचा पगार घेणाऱ्या मालिशवाल्या बाईनं शिशुगृहातल्या मुलांना शिवायचं नाही, असं ठरलं. नऊनंतर त्या येत, मागच्या पडवीत बसून दुधाच्या बाटल्या उकळत आणि लंगोट धूत. मुलांच्या हॉलमध्ये जायचं नाही.

"मंग लेकराईची मालिश कोन करते?" त्यांनी विचारलं होतं.

"सकाळी ती आया करते ना, सोनीबाई," मंजुषाताई म्हणाल्या. इंदुताईंनी विश्वास ठेवला. शेतकरी बाई, एखादी बाई तोंडावर एवढं खोटं बोलेल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

आता माझी कामगिरी सांगतो. नागपूरहून एक समिती पाहणीला आली होती. मालिश केल्यानं तान्ह्या मुलांचं वजन वाढतं, तेव्हा संस्थेनं ती रोज करावी आणि तिची नोंद ठेवावी, असं ती सांगून गेली. मालिशीबद्दल मंजुषाताई दुसऱ्या दिवशी विसरल्या. नोंद मात्र त्यांना फार आवडली. त्यांनी लाल पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर आणवलं आणि रकाने आखून घेतले. मुलाचे नाव, सकाळची वेळ, संध्याकाळची वेळ, मालिश करणारीचे नाव आणि शेवटी प्रतिसाद. मुलं सात. मी दर शनिवारी दुपारी बसायचो आणि आठवड्याच्या नोंदी एका बैठकीत उरकायचो. सकाळची वेळ नेहमी आठ ते नऊ टाकायचो. रोज लिहिल्यासारखं दिसावं म्हणून एक निळं पेन आणि एक काळं पेन वापरायचो. कधी घाईघाईत लिहिल्यासारखं अक्षर जरा तिरकं काढायचो. या अकलेचा मला अभिमान वाटायचा, आता काय लपवायचं.

मालिश करणारीच्या नावाखाली इंदुताईंचं नाव होतं, कारण नेमणूक त्यांची होती. महिन्याअखेर मी रजिस्टर पुढे करायचो आणि म्हणायचो, इथं सही करा. त्या सातवी शिकलेल्या, पण चष्मा खोलीवर राहिलेला असायचा. मी बाबू, कागद संस्थेचा. त्या ओल्या हातांनी पदराला बोटं पुसून सही करायच्या.

प्रतिसादाच्या रकान्यात मी "आनंदी" लिहायचो. सात मुलं, दोन वेळा, रोज आनंदी. दोन महिन्यांत माझा हात त्या शब्दाला कंटाळला. मग मी विविधता आणली. कोणाला "शांत", कोणाला "झोप लागली". कोपऱ्यातल्या पाळण्यातल्या खुशीला "प्रतिसाद कमी". तिच्याच वाट्याला ते का, तर यादीत ती शेवटची होती आणि तिच्यापर्यंत येईतो मला चहाची तलफ यायची.

खुशी दहा दिवसांची असताना आली. तिची आई लेखी देऊन, पाठ फिरवून गेली. आली तेव्हा वजन अडीच किलोच्या आत, म्हणजे स्वानंदपेक्षा जरासंच कमी. वय जवळजवळ तेवढंच. हॉलमध्ये एका पाळीला दोन आया, त्यातली एक सोनीबाई. सात मुलांना दूध पाजायचं म्हणजे एकेकीनं किती जणांना मांडीवर घ्यावं? तेव्हा दुपट्याची गुंडाळी करून तिच्यावर बाटली टेकवायची आणि बाटलीचं टोक बाळाच्या तोंडात द्यायचं. ज्याला जमलं त्यानं प्यायलं. ज्याच्या तोंडातून सुटली, त्याचं दूध मानेखाली वाहून गेलं. खुशीच्या तोंडातून ती बरेचदा सुटायची. पहिल्या महिन्यात ती रडायची. मग रडणं कमी झालं आणि मग बंदच झालं. येणारे पाहुणे म्हणायचे, किती शहाणी आहे हो ही! ती नुसती पंख्याकडे बघत पडून असायची. सहा महिने झाले तरी कुशीवर वळत नव्हती आणि वजन चार किलो तीनशेवर अडलं होतं. बंगल्यावरचा स्वानंद तेव्हा आठ किलोला टेकला होता.

महिन्यातून दोनदा तपासायला डॉक्टर नयन यायच्या. तरुण, मन लावून काम करणाऱ्या, आणि दुर्दैवानं कागदपत्र नीट वाचणाऱ्या. एप्रिलच्या एका शनिवारी त्यांनी खुशीला तपासलं, मग माझं लाल रजिस्टर मागितलं आणि पहिल्या पानापासून वाचत बसल्या. जाताना हातानं लिहिलेला अहवाल मला टाइप करायला दिला.

मी टाइप करायला लागलो. "पुरेसा आहार आणि दिवसातून दोन वेळा नियमित मालिश मिळूनही बालिकेची वाढ होत नाही. स्पर्शाला प्रतिसाद कमी असल्याची नोंद चार महिने सातत्याने आढळते. मेंदूच्या जन्मजात विकाराचा संशय. दत्तकाच्या यादीतून नाव वगळून मतिमंद मुलांच्या संस्थेत हलवावे. पुढील तपासण्या तेथे कराव्यात."

माझी बोटं थांबली. डॉक्टर खोटं बोलत नव्हत्या. उपाशी ठेवलेलं मूल वाळतं हे कोणालाही कळतं. पण भरपूर खाऊपिऊ घातलेलं, रोज चोळलेलं मूल वाळत असेल, तर दोष मुलातच असणार. त्यांनी सरळ हिशेब केला होता आणि त्या हिशेबातला प्रत्येक आकडा माझ्या वळणदार अक्षरातला होता. चहाच्या घाईत लिहिलेले माझे दोन शब्द त्या पोरीच्या मेंदूचा रोग झाले होते. नऊ दिवसांनी, सोमवारी, हा कागद पुढे जाणार आणि मंगळवारी गाडी येणार. एकदा तिकडे गेलेलं मूल मागायला कोणी येत नाही, हे मी नऊ वर्षांच्या नोकरीत पुरतं पाहिलं होतं.

तर मी काय केलं? अहवाल पूर्ण टाइप केला. एकही चूक न करता. मग पडवीत जाऊन इंदुताईंना सगळं सांगितलं. मन मोकळं करायला असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझ्या डोक्यावरचं ओझं त्यांच्या डोक्यावर द्यायला.

त्या बाटल्या उकळत होत्या. त्यांनी गॅस बंद केला. सोनीबाईला हाक मारली.

"सोनी, लेकराईची मालिश तू करत होती नं व?"

"मी?" सोनीबाई म्हणाली. "कवा करू माय? सात लेकरं, दोघी जनी आमी. तोंडात बाटली द्याले टाइम भेटत नाही."

इंदुताई माझ्याकडे वळल्या. "रजिस्टर आना."

मी आणलं. या वेळी त्यांनी वैष्णवीला फोन करून चष्मा मागवून घेतला. पायरीवर बसून एकेक पान बोट ठेवून वाचलं, अर्धा तास. खाली स्वतःची सही दिसली की थांबायच्या.

"मी बंगल्यावर त्या लेकराची टाळू भरून राह्यली आन हिकडं माह्या नावानं हे चालू हाये," त्या म्हणाल्या. "माह्या सहीनं! तीस वर्सं झाले मले मालिश करून, कोनाच्या लेकराले ओरखडा नाही आला माह्या हातून. आन तुमी मले हिच्या जिवावर उठवलं, बाबू?"

"मंजुषाताईंनी सांगितलं तसं मी लिहिलं," मी म्हणालो.

"त्याईनं विहिरीत ढकलाले सांगतलं असतं तं?"

मी रजिस्टर त्यांच्या हातातून घेतलं. मग म्हणालो, "तुम्ही डॉक्टरांना सांगा."

"मी काहून? तुमच्या हातानं लिवलं, तुमच्या तोंडानं सांगा."

"नोकरी जाईल माझी."

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. उष्ट्या पानाकडे बघावं तसं. "मले तं शेती हाये," त्या म्हणाल्या. "मी आज जाऊन तोंड वाजवीन. पन माही सही हाये थ्या कागदावर, आन बंगलेवाली म्हनन का ही अडानी बाई, कामचुकार, आता अंगावर आलं तं खोटं बोलून राह्यली. मंग पोट्टी जाईनच."

त्यांचं खरं होतं. मंजुषाताई अगदी असंच म्हणाल्या असत्या, आणि मान डोलावायला मी होतोच.

त्या दिवशी इंदुताई पहिल्यांदा हॉलच्या दारापर्यंत गेल्या. आत गेल्या नाहीत. चौकटीला धरून कोपऱ्यातल्या पाळण्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, जा ना, घ्या तिला, आता कोण अडवतंय. "नाही," त्या म्हणाल्या. "हात लावला तं मले सोडवनार नाही. आन आठ दिवसानं नेतीन तिले." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मला फार लाज वाटली. पण लाज वाटून मी काही केलं नाही, घरी जाऊन जेवलो.

पुढचे आठ दिवस त्या रोज बंगल्यावर गेल्या. "त्या लेकराचा काय गुना?" म्हणाल्या.

तो कागद जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, स्वानंदची उष्टावण होती आणि ती शिशुगृहात करायची असं मंजुषाताईंनी ठरवलं होतं. आमच्या गावातल्या भल्या लोकांना ही हौस फार. घरच्या मुलाचा वाढदिवस, जावळ, उष्टावण, सगळं अनाथ मुलांसोबत साजरं करायचं. मुलांच्या डोक्यावर नव्या टोप्या, फोटो, खीर, आणि संध्याकाळी टोप्या परत. हॉलमध्ये फुगे लावले. सतरंजी अंथरली. सातही पाळणे भिंतीला लावून ठेवले. प्रमुख पाहुण्या म्हणून डॉक्टर नयनना बोलावलं होतं.

स्वानंदच्या मामानं चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीनं त्याला चाटवली. टाळ्या पडल्या. टाळ्यांबरोबर एक फुगा फुटला आणि पोरानं जो भोंगा पसरला, तो काही केल्या थांबेना. भैरवीनं खांद्यावर घेतलं, मामानं उडवलं, मंजुषाताईंनी खुळखुळा वाजवला. शेवटी मंजुषाताईंनी मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "इंदुताई, अहो बघा बरं याला!"

इंदुताई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी बाळाला कडेवर घेतलं नाही. सरळ भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि दोन्ही पाय पसरले.

"अहो, इथं नको, पाहुणे आहेत," मंजुषाताई कुजबुजल्या.

"द्या त्याले," इंदुताई म्हणाल्या.

त्यांनी स्वानंदला नडग्यांवर उताणं घातलं. भोंगा जागच्या जागी बंद. पोरगं हातपाय सैल सोडून पडलं. त्यांनी त्याच्या उजव्या पायावरून हात ओढला, तर त्यानं आपणहून डावा पाय वर करून दिला. डावा झाला, तर दोन्ही हात पसरले. मग त्या नुसत्या "चाल" म्हणाल्या आणि बेटा पालथा व्हायला स्वतःच कुशीवर वळायला लागला. लोक हसायला लागले. डॉक्टर नयनही हसल्या.

"याला तर सगळा क्रम पाठ आहे!" त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे पारंपरिक मालिश आहे ना," मंजुषाताई अभिमानानं म्हणाल्या. "जन्मल्यापासून. रोज सकाळी आठ ते नऊ. एक दिवस खाडा नाही."

डॉक्टरांचं हसू जरासं अडखळलं. "आठ ते नऊ?" त्या म्हणाल्या. त्यांनी माझं रजिस्टर पानन् पान वाचलं होतं, हे मी सांगितलंच आहे.

इंदुताईंनी स्वानंदला भैरवीच्या हातात दिलं. पाय तसेच पसरलेले ठेवून म्हणाल्या, "सोनी, खुशीले आन."

"आता तिला कशाला?" मंजुषाताई म्हणाल्या. "झोपू दे तिला."

सोनीबाई एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग पाळण्याकडे गेली आणि खुशीला घेऊन आली.

खुशी त्या पायांवर रडली नाही. दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी ओढलेले. तिला पंखा दिसेना म्हणून मान वाकडी करून ती तो शोधत होती. इंदुताईंनी फक्त तिचं पाऊल धरलं, तर पोर आख्ख्या अंगानं दचकली आणि काठीसारखी ताठ झाली. आता कोणी हसत नव्हतं. जी पोर सहा महिने रोज दोनदा या हातांखाली होती असं कागद सांगत होता, त्या पोरीला हे हात माहीतच नव्हते, आणि ते हॉलमधल्या प्रत्येक माणसाला दिसत होतं.

डॉक्टर खाली बसल्या. "इंदुताई, तुम्ही हिची रोज मालिश करता ना?"

"आज पयल्यांदा हात लावून राह्यली, बाई."

"पण रजिस्टरवर तुमची सही आहे."

"सही माहीच हाये. लिवलं कोनं ते त्याईले विचारा." त्यांनी बोट दाखवलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"काहीतरी गैरसमज होतोय, डॉक्टर," मंजुषाताई म्हणाल्या. "यज्ञेश्वर, सांगा ना यांना."

माझ्या हातात खिरीची वाटी होती. ती कुठे ठेवावी हे मला कळेना. सगळे माझ्याकडे बघत होते, खुशी सोडून. ती पंखा शोधत होती.

"मी लिहिलं," मी म्हणालो. "दर शनिवारी, आठवड्याचं एकदम. मालिश कधीच झाली नाही. हिची नाही, कोणाचीच नाही. इंदुताई त्या वेळी बंगल्यावर असायच्या."

"आणि ते 'प्रतिसाद कमी'?" डॉक्टरांनी विचारलं. "चार महिने लिहिलंय तुम्ही. ते कशावरून?"

"रोज 'आनंदी' लिहून कंटाळा आला होता," मी म्हणालो.

हे वाक्य उच्चारल्यावर ते केवढं घाणेरडं आहे ते मला ऐकू आलं. डॉक्टरांनी खुशीच्या आवळलेल्या मुठीवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "माझीही चूक आहे. मी कागदावर विसंबले." त्यांनी अहवाल माझ्याकडून परत घेतला. मंगळवारची गाडी आली नाही.

यापुढे मंजुषाताईंची जिरली असं ऐकायची तुमची इच्छा असेल, तर नाद सोडा. पुढच्याच बैठकीत ठराव झाला की सचिवांच्या प्रेरणेनं संस्थेत पारंपरिक मालिशीचा उपक्रम सुरू होत आहे. तो ठराव मीच लिहिला. मला कामावरून काढलं नाही. काढलं तर मी बाहेर बोलेन, एवढी अक्कल त्यांना होती. भैरवी पोराची मालिश स्वतः करायला शिकली आणि पोराला त्यानं काहीही कमी पडलं नाही. उष्टावणीची साडी मंजुषाताईंनी इंदुताईंना दिली, तोंड बंद राहावं म्हणून. इंदुताईंनी ती घेतली. "मेहनत केली, काहून नाही घ्याची?" म्हणाल्या, आणि कापड मऊ होतं म्हणून त्या साडीचे लंगोट शिवले.

डॉक्टरांशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं ते नाकाकानात तेल घालण्यावरून. डॉक्टर म्हणाल्या, एक थेंबही चालणार नाही. "मंग कान कोरडे राह्यतीन अन् पोट्टे कोनाचं आयकनार नाही," असं इंदुताईंचं शास्त्र. डॉक्टर जिंकल्या. इंदुताईंनी तीन दिवस अबोला धरला. बाटली टेकवून दूध पाजणं मात्र दोघींनी मिळून बंद पाडलं. सोनीबाई पाय पसरून बसायला शिकली. सातही मुलांना रोज वेळ पुरतो असं अजूनही नाही. पुरतो असं मी आता लिहीत नाही.

खुशीनं पहिले पंधरा दिवस इंदुताईंना दाद दिली नाही. त्या तेलाचा हात तिच्या पोटावर नुसता ठेवून बसायच्या, चोळायच्या नाहीत. "आंधी वळख होऊ द्या," म्हणायच्या. एकोणिसाव्या दिवशी डावी मूठ उघडली. महिन्यानं ती पंखा सोडून तोंडाकडे बघायला लागली. मेअखेर वजन पाच किलो दोनशे भरलं. हे भरघोस नाही, मला माहीत आहे. स्वानंद तोवर रांगायला लागला होता.

मालिशीची नोंद आता मी रोज, हॉलमध्ये उभं राहून करतो. तशी डॉक्टरांची अट आहे. मेच्या शेवटच्या गुरुवारी इंदुताई भाचीच्या लग्नाला मुकुटबनला गेल्या. सकाळचे आठ वाजले, भिंतीशी सतरंजी रिकामी राहिली, आणि खुशीनं मान उचलून त्या भिंतीकडे पाहिलं. मग ती रडायला लागली. सहा महिने जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता ती पोर हॉल दणाणून सोडत होती. सोनीबाईनं पायावर घेतलं, राहिली नाही. खांद्यावर घेतलं, राहिली नाही.

मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, "आज मालिश झाली नाही. इंदुताई रजेवर आहेत. खुशी आठपासून रडते आहे, कोणाकडेच राहत नाही."

मंजुषाताईंनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं. "हे काय लिहिलंय? समितीनं पाहिलं म्हणजे? खोडा ते. 'आनंदी' लिहा."

"ती रडतेय," मी म्हणालो.

"ते मला ऐकू येतंय."

मी पेनाला टोपण लावलं, रजिस्टर तसंच उघडं ठेवलं आणि खुशीला घ्यायला पुढे झालो. ती माझ्याकडेही राहिली नाही.